यूट्यूब म्युझिकवरची नकोशी स्टेशनं काढताना क्रम चुकतो, म्हणून ती परत येतात

लायब्ररीत, म्हणजे ॲपमध्ये सेव्ह केलेल्या गोष्टींच्या भागात, जाऊन नकोसं स्टेशन (एकामागोमाग लागणाऱ्या गाण्यांची यादी) काढलं, एक-दोन दिवस बरे गेले, आणि मग होम स्क्रीनवर तसंच दुसरं स्टेशन हजर. ही तक्रार इतक्या जणांकडून येते की आता सगळं सविस्तर लिहून ठेवलेलं बरं. तक्रार करणाऱ्यांनी बटण बरोबरच दाबलेलं असतं. त्यांचा चुकतो तो क्रम. लायब्ररीतून काढणं हे या कामातलं शेवटाकडचं पाऊल आहे, आणि बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. ज्या ऐकण्यावरून ते स्टेशन तयार झालं ते घरात अजून चालूच असेल आणि त्याच्या नोंदी हिस्टरीत तशाच पडून असतील, तर ॲप त्यावरून पुन्हा तेच सुचवणार.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी नकोशा गाण्यांची आवक थांबवायची, मग जुन्या नोंदी काढायच्या, मग लाइक आणि सबस्क्रिप्शन तपासायची, त्यानंतर लायब्ररी, आणि सगळ्यात शेवटी ॲपला आपली खरी आवड कळवायची.

अनेक घरांत यूट्यूब म्युझिकच चालतं, म्हणून मुख्य लेख त्यावर आहे. स्पॉटिफाय आणि पँडोरा ही गाण्यांची दुसरी दोन ॲपं शेवटी थोडक्यात घेतली आहेत. मेनूंची नावं ॲप इंग्रजीत आहे असं धरून देतो. अपडेटनुसार एखादा शब्द बदललेला दिसेल, पण जागा साधारण त्याच राहतात.

## आधीची तयारी

### अकाउंट कोणतं, ते बघा

एका फोनवर दोन जीमेल असणं आता नेहमीचंच. उजवीकडे वर असलेल्या प्रोफाइलच्या फोटोवर टॅप करा आणि तिथला ईमेल पत्ता पूर्ण वाचा. मग टीव्हीवरच्या यूट्यूबमध्ये कोणतं अकाउंट आहे तेही उठून जाऊन बघा. फोनवर ऑफिसच्या कामासाठी काढलेलं अकाउंट आणि टीव्हीवर घरचं, असा प्रकार असेल तर तुम्ही तासभर चुकीच्या जागी साफसफाई कराल आणि टीव्हीवर काहीही बदलणार नाही.

### स्टेशन कोणत्या प्रकारचं आहे, ते ओळखा

याच टप्प्यावर सगळ्यात जास्त घोळ होतो. आपण ज्याला सरसकट स्टेशन म्हणतो, त्यात निदान चार वेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा.

पहिला प्रकार ॲपने स्वतःहून बनवलेल्या मिक्सचा. सुपरमिक्स आणि तिच्या आसपास दिसणारी क्रमांकाची मिक्स यात येतात. ही डिलीट होत नाहीत. तुमच्या ऐकण्यावरून ती सतत नव्याने भरत राहतात, त्यामुळे ऐकण्याच्या नोंदी बदलल्या की तीही बदलतात.

दुसरा प्रकार एखाद्या गाण्यावरून किंवा कलाकारावरून सुरू केलेल्या रेडिओचा. गाण्याच्या तीन टिंबांमध्ये कुठे 'स्टार्ट रेडिओ' दिसतं, कुठे 'स्टार्ट मिक्स'. तो नुसता वाजवला असेल तर लायब्ररीत नसतो, सेव्ह केला असेल तर असतो.

तिसरा प्रकार कलाकार निवडून बनवलेल्या रेडिओचा. ही सोय फेब्रुवारी २०२३ मध्ये आली. त्यात ३० पर्यंत कलाकार निवडता येतात आणि ओळखीची गाणी हवीत की नवी, तेही ठरवता येतं. घरातल्या कोणीतरी सहज करून बघितलेला असा रेडिओ बऱ्याचदा तिथेच राहून गेलेला असतो.

चौथा प्रकार म्हणजे साधी प्लेलिस्ट. ती तुम्ही बनवलेली असते किंवा दुसऱ्या कोणाची सेव्ह केलेली असते.

ओळखायची खूण सोपी आहे. स्टेशनच्या नावापुढची तीन टिंबं दाबा. 'रिमूव्ह फ्रॉम लायब्ररी' दिसलं तर ते सेव्ह केलेलं आहे. 'डिलीट प्लेलिस्ट' दिसलं तर ती तुमची स्वतःची प्लेलिस्ट आहे. आणि 'सेव्ह टू लायब्ररी' दिसलं, तर ते तुमच्या लायब्ररीत मुळात नाहीच. ती नुसती शिफारस आहे, आणि ती लायब्ररीत शोधत बसण्यात अर्थ नाही.

### हव्या गोष्टींची नोंद ठेवा

स्वतः बनवलेली प्लेलिस्ट डिलीट केली की यूट्यूबवर ती परत आणता येत नाही. म्हणून हात लावण्याआधी लायब्ररीच्या प्लेलिस्ट आणि आर्टिस्ट या दोन्ही भागांचे स्क्रीनशॉट काढा. गूगल टेकआउटमधून यूट्यूब आणि यूट्यूब म्युझिकचा सगळा डेटा उतरवून घेता येतो, आणि मोठी लायब्ररी असेल तर तो जरूर घ्या. पण त्यातल्या प्लेलिस्टच्या फाइलमध्ये गाण्यांची नावं नसतात, व्हिडिओचे सांकेतिक क्रमांक असतात. नंतर डोळ्यांनी वाचायला स्क्रीनशॉटच उपयोगी पडतात.

इशारा: ॲप काढून पुन्हा टाकणं, कॅशे साफ करणं, लॉगआउट होऊन परत लॉगिन करणं, यातल्या कशानेही स्टेशनं जात नाहीत. सगळ्या नोंदी अकाउंटवर असतात, फोनवर नाही.

## टप्पा १: आवक थांबवा

नकोशी गाणी अकाउंटमध्ये येतात कुठून, ते शोधा. बहुतेक वेळा ती तुमच्या फोनवरून आलेलीच नसतात.

एक ठरलेलं उदाहरण घेऊ. गणपतीत दहा दिवस सकाळ-संध्याकाळ टीव्हीवर किंवा स्पीकरवर आरत्या लागतात. त्यापुढे नवरात्र. त्याच काळात आजी पहाटे हरिपाठ लावतात, आणि नातवाला भरवताना बडबडगीतं लागतात ती वेगळीच. हे सगळं ज्या अकाउंटवर होतं ते एकाच माणसाचं असतं, आणि तो माणूस दिवाळीत गाडीत बसून गाणी लावायला गेला की पुढे आरती आणि तिच्यामागे बडबडगीत येतं. यात चूक कोणाचीच नाही. पण एका अकाउंटवर तीन पिढ्यांची आवड साठली की कोणाच्याच उपयोगाचं स्टेशन तयार होत नाही. आजींनाही पहाटे नको ती गाणी ऐकावी लागतात, हे आपण विसरतो.

माझं स्पष्ट मत आहे की यावरचा खरा इलाज वेगळी अकाउंटं हाच आहे. गूगलचं अकाउंट फुकट काढता येतं. टीव्हीवर आजींचं अकाउंट वेगळं जोडून द्या आणि यूट्यूब उघडल्यावर कोणाचं नाव निवडायचं ते त्यांना दोनदा सोबत बसून दाखवा. पैसे भरून घेतलेलं सदस्यत्व असेल, तर फॅमिली प्लॅनमध्ये घरातले आणखी पाच जण आपापल्या अकाउंटसह येतात, मात्र त्यांचं वय १३ किंवा जास्त हवं आणि सगळे एकाच घरात राहणारे हवेत. लहान मुलांसाठी यूट्यूब किड्स हे वेगळं ॲप आहे. बडबडगीतं तिथे लावा.

हे लगेच जमणार नसेल तर निदान पुढच्या गोष्टी करा.

टीव्हीवर पाहुण्यांसाठी 'गेस्ट' निवडा किंवा इनकॉग्निटो (नोंद न ठेवता ऐकण्याची सोय) चालू करा. सणाचे दिवस संपले की ते बंद करायचं लक्षात ठेवा.

गूगलचा स्पीकर असेल तर व्हॉइस मॅचमध्ये घरातल्यांचे आवाज नोंदवा. सहा जणांपर्यंत नोंदवता येतात. नोंद नसलेल्या आवाजाने मागितलेलं गाणं स्पीकर ज्याच्या अकाउंटला जोडला आहे त्याच्या खात्यावर जातं, आणि घरात तो माणूस सहसा तुम्हीच असता.

जुने लॉगिन तपासा. गूगल अकाउंटच्या सिक्युरिटी भागात 'युवर डिव्हाइसेस' ही यादी आहे. भाड्याचं घर सोडताना तिथल्या टीव्हीवर राहिलेलं लॉगिन, पुतण्याला दिलेला जुना फोन, गावाकडच्या घरातला टॅब, हे सगळं तिथे दिसतं. ओळखीचं नसलेलं किंवा आता वापरात नसलेलं उपकरण तिथूनच साइनआउट करा.

ऑटोप्लेकडेही बघा. गाणं चालू असताना 'अप नेक्स्ट'ची रांग उघडली की ऑटोप्लेचं बटण दिसतं. ते चालू असेल तर तुमची यादी संपल्यावर ॲप स्वतःहून मिळतीजुळती गाणी लावत राहतं. रात्री झोपताना लावलेलं भजन एकच असतं, पण सकाळपर्यंत त्यामागे शंभर गाणी वाजलेली असू शकतात, आणि त्या सगळ्यांची नोंद तुमच्या नावावर होते. रात्री गाणी लावून झोपायची सवय असेल तर ऑटोप्ले बंदच ठेवा.

सदस्यत्व असलेल्यांनी सेटिंगमध्ये डाउनलोडच्या भागात 'स्मार्ट डाउनलोड्स' आधी बंद करावं. नाहीतर तुम्ही एकीकडून काढाल आणि ॲप दुसरीकडून उतरवत राहील.

तपासा: एक दिवस काही न काढता फक्त हिस्टरी बघा. प्रोफाइलच्या फोटोवर टॅप करून 'हिस्टरी' उघडा. तुम्ही न लावलेलं गाणं आजच्या तारखेला दिसतंय का? दिसत असेल तर आवक अजून चालू आहे. टप्पा २ कडे जाऊ नका.

## टप्पा २: हिस्टरीतल्या नोंदी काढा

इथे समजून घ्यायची मुख्य गोष्ट ही, की एकाच अकाउंटवर यूट्यूब आणि यूट्यूब म्युझिक यांची हिस्टरी सामायिक असते. तुम्ही साध्या यूट्यूबवर बघितलेल्या लग्नाच्या गाण्याचा परिणामही म्युझिक ॲपवर होतो. त्यामुळे फक्त म्युझिक ॲपमध्ये शोधून काम पूर्ण होत नाही.

थोड्याच नोंदी असतील तर म्युझिक ॲपच्या हिस्टरीतच गाण्याच्या तीन टिंबांमधून 'रिमूव्ह फ्रॉम हिस्टरी' करा. नोंदी ढीगभर असतील तर ब्राउझरमध्ये गूगलचं 'माय ॲक्टिव्हिटी' उघडा आणि त्यात यूट्यूब हिस्टरीत जा. हे काम कॉम्प्युटरवर करा. फोनवर बोट चुकून भलतंच पुसलं जाण्याची शक्यता जास्त.

तिथे तीन प्रकारे काढता येतं.

एकेक नोंद काढता येते. हे सगळ्यात सुरक्षित, पण वेळखाऊ.

दिवसानुसार किंवा तारखांच्या टप्प्यानुसार काढता येतं. 'डिलीट'मध्ये 'कस्टम रेंज' निवडायची. गणपतीच्या दहा दिवसांसाठी हा मार्ग उत्तम, कारण तारखा आपल्याला पक्क्या माहीत असतात. पण त्या दहा दिवसांत तुम्ही स्वतः ऐकलेलं आणि यूट्यूबवर बघितलेलं सगळंही त्यात जातं, हे आधी बघून घ्या.

शब्दानुसार शोधून काढता येतं. मला हा मार्ग सगळ्यात कामाचा वाटतो, फक्त तो नीट करावा लागतो. समजा आरत्या काढायच्या आहेत. शोधपट्टीत देवनागरीत 'आरती' लिहिलं तर फक्त ज्या व्हिडिओंचं शीर्षक मराठीत किंवा हिंदीत आहे तेवढेच येतील. बरीच शीर्षकं इंग्रजी अक्षरांत असतात, आणि त्यात पुन्हा सुरुवातीला एक 'ए' लिहिणारे वेगळे, दोन 'ए' लिहिणारे वेगळे. म्हणजे एका शब्दासाठी तीन वेळा शोधायचं. बडबडगीतांसाठीही तेच: मराठी शब्द, इंग्रजीतला 'राइम्स', आणि ज्या चॅनेलचे व्हिडिओ सतत लागतात त्या चॅनेलचं नाव. प्रत्येक शोधानंतर यादी वरपासून खालपर्यंत नजरेखालून घाला आणि मगच काढा, कारण त्या शब्दाचं तुमच्या आवडीचं एखादं गाणंही त्यात सापडू शकतं.

शोधांच्या नोंदींकडे दुर्लक्ष करू नका. काय ऐकलं याची नोंद वेगळी आणि काय शोधलं याची वेगळी. दोन्ही शिफारशींसाठी वापरल्या जातात, म्हणून दोन्ही काढा.

मुलांच्या गाण्यांबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. मुलांसाठी म्हणून नोंदवलेले व्हिडिओ यूट्यूबवर प्लेलिस्टमध्ये सेव्हच होत नाहीत. त्यामुळे पालक प्लेलिस्टमध्ये शोधतात, काही सापडत नाही, आणि आपलं अकाउंट स्वच्छ आहे असं समजतात. त्या गाण्यांच्या नोंदी हिस्टरीत असतात. शोध तिथेच घ्या.

इशारा: 'क्लिअर ऑल वॉच हिस्टरी' दाबू नका. ते दाबलं की साध्या यूट्यूबचीही पूर्ण हिस्टरी जाते आणि वर्षानुवर्षं जमलेली चांगली स्टेशनंही कोरी होतात. ऑगस्ट २०२३ पासून यूट्यूबने असा नियम केला आहे की हिस्टरी बंद असेल आणि मागच्या पुरेशा नोंदीही नसतील तर होम पानावर शिफारशी दिसतच नाहीत. घाबरून सगळं पुसलेल्या आणि हिस्टरी बंद करून ठेवलेल्या माणसाला मग रिकामा पडदा दिसतो आणि ॲप बिघडलं असं वाटतं.

हिस्टरी काही काळ थांबवणं, म्हणजे 'पॉज' करणं, हा सणासुदीसाठी चांगला उपाय आहे. पण तो कायमचा उपाय नाही. पॉज असताना तुम्ही ऐकलेलं चांगलंही नोंदवलं जात नाही, त्यामुळे स्टेशनं जुन्यातच अडकून राहतात. पॉज कराल त्याच क्षणी फोनवर ते परत चालू करण्याचं रिमाइंडर लावा.

आपोआप पुसण्याचीही सोय आहे: ३, १८ किंवा ३६ महिन्यांपूर्वीच्या नोंदी आपोआप जातात. सामायिक अकाउंटसाठी १८ महिने मला ठीक वाटतात. तीन महिने ठेवले तर तुमची आवड ॲपला पुरेशी कळतच नाही.

तपासा: नोंदी काढल्यावर म्युझिक ॲपमधली हिस्टरी खाली ओढून ताजी करा. काढलेली गाणी तिथूनही गेलेली दिसली पाहिजेत. ती गाणी अजूनही तिथे असतील तर तुम्ही बहुधा दुसऱ्याच अकाउंटवर काम केलं आहे.

## टप्पा ३: लाइक आणि सबस्क्रिप्शन

लायब्ररीतली 'लाइक्ड म्युझिक' ही यादी डिलीट होत नाही. पण तिच्यातली गाणी काढता येतात: गाणं उघडून वर केलेल्या अंगठ्यावर पुन्हा टॅप केलं की लाइक जातं. यादी पूर्ण खालपर्यंत बघा. मुलांच्या हातात फोन असताना पडलेले अंगठे तिथे हमखास सापडतात.

साध्या यूट्यूबवर लाइक केलेली गाणीही या यादीत येऊ शकतात. ती नको असतील तर म्युझिक ॲपच्या सेटिंगमध्ये 'शो युवर लाइक्ड म्युझिक फ्रॉम यूट्यूब' बंद करा.

लाइक काढणं आणि डिसलाइक देणं यात फरक आहे. लाइक काढलं की गाणं तटस्थ होतं. डिसलाइक दिलं की ते पुढच्या रांगांमधून वगळलं जातं. पण एकच आरती पन्नास चॅनेलनी टाकलेली असते, म्हणून एकेका आवृत्तीला डिसलाइक देत बसणं व्यर्थ आहे. डिसलाइक फक्त सतत मध्ये येणाऱ्या ठरावीक रेकॉर्डिंगसाठी ठेवा. आणि दुसरं म्हणजे, आजींच्या आवडीच्या अभंगाला डिसलाइक देऊ नका. अकाउंट वेगळं होईपर्यंत त्याच अकाउंटवर त्या ऐकत असतील, तर त्यांची गाणी अचानक गायब होतील आणि का झाली ते त्यांना कळणार नाही.

सबस्क्रिप्शनचंही असंच. म्युझिक ॲपमधून कलाकाराचं सबस्क्रिप्शन काढलं की ते साध्या यूट्यूबवरूनही जातं. कीर्तनाचं चॅनेल काढण्याआधी घरात विचारा.

## टप्पा ४: आता लायब्ररी

आधीचे तीन टप्पे झाले असतील तर हा भाग पटकन उरकतो.

१. होम स्क्रीनवर वरच्या भागात पिन केलेली स्टेशनं बघा. पिन केलेलं स्टेशन ऐकलं नाही तरी जागेवर राहतं. तीन टिंबांमधून आधी पिन काढा.

२. 'लायब्ररी' उघडून नको त्या स्टेशनच्या तीन टिंबांमधून 'रिमूव्ह फ्रॉम लायब्ररी' करा. एका वेळी एकच काढायचं.

३. स्वतःची प्लेलिस्ट असेल तर 'डिलीट' करण्याआधी ती एकदा उघडा. गाण्यांची नावं वाचा. 'नवीन १' अशा नावाच्या यादीत एखाद्याने कष्टाने शोधलेली जुनी नाट्यगीतं असू शकतात.

४. 'डाउनलोड्स'मध्ये जा. लायब्ररीतून काढलेलं तिथे राहिलेलं असेल तर 'रिमूव्ह डाउनलोड' करा. गाडीत नेटवर्क नसताना याच भागातून गाणी वाजतात, त्यामुळे इथे राहिलेली स्टेशनं घाटात हमखास पुढे येतात.

५. लायब्ररीतल्या 'आर्टिस्ट' भागात जा. सबस्क्राइब न केलेला कलाकारही इथे दिसतो, कारण त्याचं एखादं गाणं लायब्ररीत सेव्ह असतं. ते गाणं काढलं की कलाकारही जातो.

कॉम्प्युटर असेल तर हे सगळं ब्राउझरमध्ये करा. मोठ्या पडद्यावर पूर्ण नावं दिसतात, आणि फोनवर अर्धवट कापलेली नावं बघून चुकीची यादी काढली जाण्याचा धोका टळतो.

तपासा: फोन, टीव्ही आणि गाडी, तिन्हीकडे ॲप बंद करून पुन्हा उघडा. सेव्ह केलेलं स्टेशन कुठेही दिसता कामा नये. होमवर तशाच धाटणीची शिफारस अजून दिसत असेल तर काळजी नको, तिच्यासाठी पुढचा टप्पा आहे.

## टप्पा ५: खरी आवड कळवा

जुनं काढून जागा मोकळी सोडली की ॲप अंदाजाने भरायला लागतं. ती जागा तुम्हीच भरा.

सेटिंगमध्ये 'इम्प्रूव्ह युवर रेकमेंडेशन्स' आहे. तिथे आपले कलाकार निवडा. घाईत पहिले दिसलेले निवडू नका, शोधून निवडा. मराठी गायक पहिल्या पडद्यावर कमी दिसतात, शोधल्यावर सापडतात.

त्यानंतर पुढचे काही दिवस तुम्हाला खरोखर हवी असलेली गाणी, अल्बम उघडून, पूर्ण ऐका. एकेका गाण्यावर दोन सेकंद थांबून पुढे जाण्याने काही कळत नाही. होमवर नकोशी शिफारस आली आणि तिच्या तीन टिंबांमध्ये 'नॉट इंटरेस्टेड' असेल तर ते दाबा. कुतूहल म्हणून ती उघडून बघू नका. उघडलं की तीही एक नोंद झाली.

कलाकार निवडून नवा रेडिओ बनवायचा असेल तर तो आत्ता बनवा, साफसफाईच्या आधी नाही.

होम पान लगेच बदलत नाही, हळूहळू बदलतं. दुसऱ्या दिवशी आरती दिसली म्हणून पुन्हा टप्पा १ पासून सुरुवात करू नका. आधी हिस्टरी उघडून त्या दिवशी कोणी काय लावलं ते बघा. नोंद नसेल तर थांबा. नोंद असेल तर कोणत्या उपकरणावरून ती आली ते शोधा. नव्वद टक्के वेळ घरातला टीव्हीच निघतो, असा माझा तरी अंदाज आहे.

## स्पॉटिफाय असेल तर

इथेही क्रमाचंच महत्त्व आहे. गाण्यावरून किंवा कलाकारावरून निघालेला रेडिओ लायब्ररीत असेल तर त्याच्यापुढे टिकची खूण असते. ती दाबली की तो जातो. पण दाबण्याआधी त्याच्या तीन टिंबांमध्ये 'एक्स्क्लूड फ्रॉम युवर टेस्ट प्रोफाइल' आहे का बघा आणि असेल तर ते आधी करा. प्लेलिस्टवर हे केलं की ती ऐकल्याचा, आधीचा आणि पुढचाही, परिणाम शिफारशींवर कमी होतो. लायब्ररीतून काढून टाकल्यावर तीच यादी पुन्हा शोधत बसावी लागते.

मुलांची किंवा सणाची यादी हवी आहे पण तिची छाप नको आहे, अशा वेळी यादी काढूच नका. फक्त टेस्ट प्रोफाइलमधून वगळा.

स्वतःची प्लेलिस्ट चुकून डिलीट झाली तर ब्राउझरमध्ये अकाउंटच्या पानावर 'रिकव्हर प्लेलिस्ट्स' आहे. ९० दिवसांपर्यंत ती परत मिळते. ॲपमध्ये ही सोय शोधू नका. त्याच पानावर सगळीकडून एकदम साइनआउट होता येतं. जुन्या रूममेटच्या स्पीकरवर तुमचं अकाउंट राहिलं असेल तर सुरुवात तिथून करा.

## अमेरिकेत पँडोरा वापरणाऱ्यांसाठी

पँडोरा फक्त अमेरिकेत चालतं, त्यामुळे हा भाग तिकडच्या मराठी मंडळींपुरता. तिथे स्टेशन हीच मुख्य गोष्ट असल्याने काढणं सोपं आहे: 'माय कलेक्शन'मध्ये स्टेशनच्या मेनूतून ते काढून टाकायचं. पण काढण्याआधी दोन गोष्टी बघा.

पहिली, स्टेशन खरंच नको आहे की बिघडलं आहे? एका स्टेशनला नंतर दुसरे कलाकार जोडता येतात. हिंदी गाण्यांच्या स्टेशनला कोणीतरी भलताच कलाकार जोडला असेल तर तेवढाच काढा. स्टेशन पुन्हा पूर्वीसारखं होतं, आणि त्यावर दिलेले सगळे अंगठे वाचतात. स्टेशनच्या पानावर दिलेल्या अंगठ्यांची यादी असते. चुकून दिलेले तिथून काढता येतात.

दुसरी, तुम्ही 'शफल' लावता का? शफलमध्ये सगळ्या स्टेशनांची गाणी मिसळतात, आणि एका स्टेशनमुळे सगळंच बिघडलं असं वाटतं. शफलमध्ये कोणती स्टेशनं घ्यायची ते निवडता येतं. मुलांचं स्टेशन त्यातून वगळलं की ते ठेवूनही तुमची गाडीतली गाणी नीट लागतात.